माझ्या वहीतल्या बाई

मनगट उलटं करायचं, आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळात बघायचं आणि म्हणायचं, "लिहून ठेवा." बाईंची आठवण आली की आधी मला ते मनगट दिसतं, चेहरा मागून येतो.

टाकीत पाणी नाही? "तारीख लिहून ठेवा." सातवीतल्या मुलीला प्रार्थनेत चक्कर आली? "किती वाजता आली, लिहून ठेवा." एकदा शिवणाच्या बाईंच्या भावाचं लग्न जमलं, पेढे वाटले, तेव्हा सगळ्या शिक्षिका एका आवाजात ओरडल्या, "लिहून ठेवा!" बाईसुद्धा हसल्या. पण हसून झाल्यावर मनगट उलटं केलंच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपण उगाच पदर सारखा करतो आणि मनातून त्यांच्यावर चिडतो.

मी त्या शाळेत शिपाईण आहे, तेव्हाही होते. मुलींची शाळा, वर्धेला, सिंदी मेघेच्या बाजूची. झाडणं, पाणी भरणं, नोटिशीची वही वर्गावर्गात फिरवणं आणि घंटा देणं ही माझी कामं. घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा, व्हरांड्यात तारेनं टांगलेला. त्याच्या खाली एक लाकडी बाक. तो बाक माझा. शाळेत माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

माझं शिक्षण चौथी. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. चौथीत माझा पहिला नंबर होता. हे मी शाळेत कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

बाई भूगोल शिकवायच्या. वयानं माझ्याएवढ्याच. नागपूरकडच्या होत्या, इथे म्हाताऱ्या आईला घेऊन खोली करून राहत. मला त्यांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला लिहू? त्यांच्या घड्याळाचा वाटायचा, काळ्या पट्ट्याच्या चपलेचा वाटायचा, खडू धरायच्या बोटांचा वाटायचा. त्या वर्गात गेल्या की चाळीस पोरी एकदम गप्प व्हायच्या. माझं घरी एक पोरगी ऐकत नव्हती.

ती पोरगी त्याच शाळेत आठवीत होती. एक दिवस भाकरी थापताना मी पाहिलं, तिनं मनगटाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईनं घड्याळ काढलं होतं. काटे, पट्टा, सगळं.

"हे काय करून ठेवलं वं?"

"बाईसारखं."

"धुऊन टाक. शाईनं रक्त खराब होते."

तिनं धुतलं नाही. मी तिच्या मनगटाला धरून नळाखाली नेलं आणि ते घड्याळ घासून काढलं. कातडी लाल होईस्तोवर घासलं. शाईसाठी एवढं घासायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच वर्षी गॅदरिंगच्या वेळी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, मला आठ दिवस दिवेलागणीपर्यंत थांबवलं. बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाकाजवळ येऊन त्यांनी मला एक थोडी वापरलेली दोनशे पानी वही दिली.

"चंद्रकलाबाई, तुम्ही किती वाजता येता, किती वाजता जाता, रोज लिहून ठेवा. तुमच्याजवळ तुमचा कागद असू द्या."

शाळेत मला सगळे 'चंद्रकला' म्हणायचे, 'ए चंद्रकला' म्हणायचे. 'बाई' लावून 'तुम्ही' म्हणणाऱ्या या एकट्याच. त्याचाही मला रागच यायचा. वाटायचं, हिला बरं आहे, हिला मोठेपणा देणं परवडतं.

"मले कशाले पायजे कागद? मले कोण विचारते?" मी म्हटलं.

"कधी विचारतील ते सांगता येत नाही. आणि लक्षात ठेवा, रोजचं रोज लिहायचं. एका दिवशी बसून एकाच शाईनं महिन्याचं लिहिलं तर कुणी खरं धरत नाही."

मी वही घेतली. पहिले चार दिवस माझंच लिहिलं. आली नऊ वाजता. गेली सहा वाजता. दोन ओळींत माझा दिवस संपायचा. पान रिकामं राहायचं. मग पाचव्या दिवशी माझ्या हातानं आपोआप लिहिलं: बाई १०-४० ला आल्या. पोपटी साडी.

तेव्हापासून मी रोज त्यांचं लिहू लागले. कधी शिसपेन्सिलीनं, कधी पोरीच्या शाईनं, कधी तपासणीच्या लाल रिफिलीनं. कधी आल्या, कधी गेल्या, काय नेसल्या, डब्यात काय होतं, कुणाशी हसल्या, माझ्याकडे बघून न बोलता गेल्या का. माझं स्वतःचं दोन ओळी, त्यांचं अर्धं पान. वही मी घरी ज्वारीच्या कोठीमागे ठेवायची.

पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा एक तुकडी बंद झाली होती. त्याच आठवड्यात आमच्या संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांची सून शिक्षिका म्हणून रुजू झाली. भूगोलच शिकवायला. नोटिशीची वही घेऊन मी बाईंकडे गेले. त्यात लिहिलं होतं की तास कमी झाल्यामुळे बाईंनी आजपासून अर्धवेळ काम करावं, दुपारी दोन वाजता जावं. सोबत एक वेगळा कागद होता, त्यावर बाईंनी सही करायची, की मी हे स्वखुशीनं मान्य करते.

बाईंनी दोन्ही वाचलं. नोटिशीच्या वहीत सही केली आणि लिहिलं, 'वाचले. मान्य नाही.' खाली वेळ टाकली. दुसरा कागद तसाच माझ्या हातात परत दिला.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. मनात आलं, आता कळन. घंटा व्हायच्या आधी घरी जाताना कसं वाटते ते.

पण बाई गेल्याच नाहीत. दोन वाजले, तीन वाजले, त्या शिक्षकखोलीत आपल्या खुर्चीवर बसून राहिल्या. पाचची घंटा झाली तेव्हा उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या घंटेच्या आधी हजर.

मोठ्या बाईंनी हजेरीपट कपाटात टाकून कुलूप लावलं. अर्धवेळवाल्यांसाठी एक वेगळा कागद ठेवला, त्यावर बाईंनी सही केली नाही. रोज सकाळी त्या मोठ्या बाईंच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "हजेरीपट?" आतून उत्तर यायचं, "तुमचं नाव त्यात नाही." बाई मनगट उलटं करायच्या आणि परत फिरायच्या.

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "चंद्रकला, त्यांची खुर्ची उचल. स्टोअरमध्ये ठेव."

मी उचलली. खुर्ची हलकी होती. मी ती जरा थाटातच नेली, असं मला आठवतं.

मधल्या सुटीनंतर बाई शिक्षकखोलीतून बाहेर आल्या. व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं आणि सरळ माझ्या बाकावर येऊन बसल्या.

"सरका थोड्या, चंद्रकलाबाई."

मी सरकले. काय करणार?

तेव्हापासून पाच-सहा महिने आम्ही दोघी रोज दुपारी त्या बाकावर बसलो. शाळेत माझं एवढंच होतं, तेही त्यांचं झालं. कारण चार दिवसांत पोरी नकाशाची वही घेऊन तिथे येऊ लागल्या. "बाई, पठार म्हणजे काय?" "बाई, हे वारे उलटे काऊन वाहतात?" मधल्या सुटीत बाकाभोवती वर्ग भरायचा. घंटा द्यायला मला पोरींतून वाट काढावी लागायची. माझी पोरगी सगळ्यांत पुढे. एकदा तर सेक्रेटरीसाहेबांची सूनच आली, इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाली, "बाई, भरती-ओहोटीचं मला एकदा सांगता का? नववीला उद्या घ्यायचंय." बाईंनी तिलाही सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर सांगितलं नसतं. पण बाईंच्या जागी मी कधी असणारच नव्हते.

त्या मला कायद्याचं सांगायच्या. मी विचारत नसे, तरी सांगायच्या. "तास कमी झाले तर जी शेवटी लागली तिचे आधी कमी होतात. मी कायम आहे. कायम माणसाला अर्धवेळ करायचं तर शिक्षण खात्याची परवानगी लागते, तीन महिने आधी लेखी द्यावं लागतं. तोंडी सांगून आणि खुर्ची उचलून होत नाही."

"खुर्ची मीनंच उचलली," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

"मला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं म्हणून उचलली." मग म्हणाल्या, "जड नव्हती ना?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी वेळ व्हायच्या दोन मिनिटं आधीच घंटा दिली. माणसानं एवढं चांगलं असू नये. बाजूला बसणाऱ्याचं काय होत असेल, याचा विचार करावा.

आतल्या आत मला दुसरंही जाळत होतं. दोन वर्षांआधी मलाही एक महिना अर्ध्या दिवसावर आणलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी ये." मी दुपारी गेले. मग म्हणाल्या, "आता सकाळपासून ये." मी सकाळपासून गेले. बाईंचे तास कमी झाले तर त्याला कायदा होता, अर्ज होता, शिक्षण खात्याच्या ऑफिसात फाइल होती. माझे कमी झाले तेव्हा मी घरी बसून तूर निवडली. घड्याळापेक्षा, साडीपेक्षा, या एका गोष्टीचा हेवा मला फार वाटला.

एक दिवस डबा खाताना त्यांनी विचारलं, "तुमचं अक्षर छान आहे. नोटिशीच्या वहीत पोच लिहिता ते पाहते मी. कितवीपर्यंत शिकलात?"

"चौथी."

"नंबर कितवा होता?"

घास माझ्या तोंडातच राहिला. "पयला."

बाईंनी मनगट उलटं केलं, घड्याळात पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "लिहून ठेवा."

घरी जाऊन मी ते लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: डब्यात मेथीची भाजी. मीठ कमी.

थंडीच्या दिवसांत शिक्षणाधिकारी साहेबांपुढे त्यांच्या अर्जाची सुनावणी लागली. पहिल्या तारखेहून त्या दुपारी परत आल्या आणि बाकावर बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

"काय झालं, बाई?"

"संस्था म्हणते, मी जुलैपासून स्वतःच दोन वाजता घरी जाते. म्हणजे मला अर्धवेळ मान्य आहे. हजेरीपटावर माझी सही नाही. मी रोज पूर्ण वेळ होते याचा कागद माझ्याजवळ नाही."

"तुमी लिहून नाई ठेवलं? तुमी?"

"ठेवलं. पण माझं मी लिहिलेलं माझ्या कामाचं नाही, चंद्रकलाबाई. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाचं आणा. शिक्षिकांना विचारलं. सगळ्यांना आपापले तास सांभाळायचे आहेत. मी त्यांना दोष देत नाही." त्या रुळाच्या तुकड्याकडे बघत होत्या. "पुढच्या तारखेला काही दाखवलं नाही तर संपलं. अर्धी नोकरी. मग पुढच्या वर्षी तीही नाही."

त्याच संध्याकाळी मोठ्या बाईंनी मला थांबवलं. "तुला कुणी विचारलं तर सांगायचं, बाई दोनला जायच्या. समजलं?" मी मान हलवली. मी तोंडानं हो म्हटलं नाही, पण मान हलवली.

घरी मी वही काढली. जुलैपासूनचा एकेक दिवस तिच्यात होता. १०-४० आल्या. ५-१० गेल्या. १०-३५ आल्या. ५-१० गेल्या. पण मध्येमध्ये जे होतं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. मी पोरीची एक कोरी वही घेतली आणि नुसत्या वेळा उतरवायला बसले. तीन पानं झाली आणि बाईंचंच बोलणं आठवलं. एका दिवशी, एकाच शाईनं. ती तीन पानं किती स्वच्छ दिसत होती! स्वच्छ आणि खोटी.

मी ती चुलीत टाकली.

मी चांगुलपणानं वही दिली असं कुणी समजू नये. मी दोन दिवस दिली नाही. तिसऱ्या दिवशी बाकावर बाजूला बसलेल्या त्या बाईकडे पाहिलं आणि वाटलं, ही गेली तर संध्याकाळी घरी जाऊन मी काय लिहू? आली नऊ वाजता, गेली सहा वाजता?

पिशवीतून वही काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि झाडू घेऊन पार मैदानाच्या टोकाला गेले. झाडलेलंच पुन्हा झाडलं. परत आले तेव्हा त्यांनी शेवटचं पान मिटलं होतं.

वही त्यांनी मांडीवर नीट सारखी केली. मग म्हणाल्या, "चंद्रकलाबाई, पोपटी रंग मला खरंच एवढा वाईट दिसतो?"

मी झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"हे असंच द्यावं लागेल. सगळं. साहेब मोठ्यानं वाचतील. तुम्हाला चालेल? तुमच्या नोकरीवर येईल."

"चालन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं, "चालन."

त्यानंतर बाईंनी ती पोपटी साडी नेसली नाही. मी लक्ष ठेवून होते.

सुनावणीच्या खोलीत पंखा बंद होता, तरी मला वाऱ्यावर उभं असल्यासारखं वाटत होतं. साहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"'१०-४० आल्या. पोपटी साडी. या रंगाची एवढी हौस काय, समजत नाही.' हं. '५-१० गेल्या. माझ्या पोरीने त्यांची पिशवी फाटकापर्यंत नेली. घरी पाण्याचा गुंड-हंडा उचलत नाही.' हं. 'आज खुर्ची काढली. वाटले रडतील. रडल्या नाहीत. माझ्या बाकावर बसल्या. गर्व तेवढाच. ५-१० गेल्या.'"

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी बाईंकडे पाहिलं नाही.

सेक्रेटरीसाहेब उठले. "साहेब, ही बाई तर यांच्यावर जळते! उघड दिसून राह्यलं. हिच्या लिहिण्याचं काय धरता?"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणूनच धरतो. जिला यांचं काही बघवत नाही, ती यांची हजेरी वाढवून कशाला लिहील?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुमचंच अक्षर?"

"हो जी."

"कितवी शिकलात?"

"चौथी," मी म्हटलं. आणि कुणी विचारलं नसताना म्हटलं, "पयला नंबर होता."

बाईंना त्यांचे सगळे तास परत मिळाले. हजेरीपटावर नाव आलं. तो हजेरीपट मीच त्यांच्यापुढे नेला. त्यांनी सही केली, वेळ टाकली. मी स्टोअरमधून खुर्ची आणली, पुसली आणि ठेवली. बाकावर मी पुन्हा एकटी. मला तो आता लांबलचक वाटायला लागला.

आठ दिवसांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "उद्यापासून तू दुपारपर्यंतच यायचं."

मी दारात उभी होते. "लिहून द्या," मी म्हटलं.

"काय?"

"लिहून द्या जी. तारीख टाकून."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पाचच्या घंटेपर्यंत थांबले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आजपर्यंत काही लिहून मिळालं नाही, म्हणून आजही पूर्ण दिवस जाते.

बाई अजून तीन वर्षं होत्या. मग हिंगणघाटच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांची निवड झाली. ऐकलं तेव्हा पहिल्यांदा तोच जुना हेवा वाटला. अजूनही वाटतो. माझी पोरगी आता डी.एड. करते. तिच्या हातात घड्याळ आहे, मनगटाच्या आतल्या बाजूला. कुणी विचारलं, हे असं बांधायचं कुणाकडून शिकली, तर ती माझं नाव सांगत नाही.

माझी ती वही मला परत मिळाली नाही. बाईंच्या फाइलीला लावली, ती तिथेच राहिली. ऑफिसात कुठल्यातरी कपाटात माझा सगळा हेवा शिक्का मारून ठेवलेला आहे. ही दुसरी वही मीच विकत घेतली.

जायच्या दिवशी निरोपाचे हारतुरे झाल्यावर बाई व्हरांड्यात आल्या. माझ्या बाकावर मिनिटभर बसल्या. मी उठून पाचची घंटा दिली. पोरी सुटल्या, धूळ उडाली, धूळ बसली. मग बाई उठल्या. मनगट उलटं केलं, पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्या काही म्हणाल्या नाहीत.

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. वळणापर्यंत मी बघत राहिले. घरी येऊन लिहिलं:

५-१० ला गेल्या. पोपटी साडी. शोभत होती.